उघडी पात

परंदवडी,
२० एप्रिल

माऊली,

चि. आणि अनेक आशीर्वाद जिथं लिहितात तिथं मी जागा सोडलीय. वाटलं तर तूच भरून घे.

तू तुंगार्लीत आहेस हे मला दुधाच्या टेम्पोवाल्या कैलासनं सांगितलं. दिवाळीपासून आहेस म्हणे, तळ्याजवळच्या एका बंगल्यावर राखणदार. कैलासचा टेम्पो रोज तिथं दूध घालून न्याहारीच्या वेळेला गावात परत येतो, म्हणजे तुंगार्ली किती लांब आहे ते मला शिकवू नकोस. हंपीला होतास तेव्हा लांब आहेस म्हणून आम्ही गप्प बसलो. आता काय म्हणून बसायचं?

फोन करू नकोस. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहील. फोनवर तू माकडं, डोंगर, कुठल्या तरी बाबाची गोष्ट असं काहीबाही सांगत सुटतोस आणि मुद्द्यावर आलं की रेंज जाते. कागदावर निदान बोट ठेवता येतं.

काम आहे म्हणून लिहितेय. आमच्या कंपनीचा मोठा कारखाना स्पेनमध्ये आहे. क्वालिटीतल्या दोघांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडं नेणार आहेत. पाच जणांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद आधीच पुढं गेलेत, त्यात मी आहे. जूनमध्ये तिकडून एक बाई येऊन मुलाखत घेणार. थोडं इंग्रजीत, थोडं स्पॅनिशमध्ये. त्यांनी पुस्तक दिलंय. मी पाचव्या धड्यापर्यंत आले आणि अडकले. तुम्ही आजवर काय काय काम केलं आहे, कुठलं मशीन हाताळलं आहे, काय अजून केलेलं नाही, असं सांगायचा तो धडा आहे. मुलाखतीत हेच विचारणार, दुसरं काय विचारतात? इंग्रजीतलं मला येतं. हॅव किंवा हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप. आय हॅव चेक्ड, शी हॅज चेक्ड. स्पॅनिशमधलं डोक्यात जात नाही.

कैलास म्हणतो, बंगल्यावर स्पेनचे पाहुणे आले की तू त्यांच्याशी फाडफाड बोलतोस. बोलत असशील. घरच्यांशी बोलायचं सोडून तुला सगळं येतं.

तुझ्यावर माझी सावड चढलीय. तू भाताच्या लावणीतून उठून गेलास त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सावडीतल्या सगळ्या घरांच्या खाचरात तुझे दिवस मी भरलेत, कंपनीतली माझी सगळी रजा चिखलात गेलीय. ती अशी फेड. पत्रातून शिकव. घरी यायची गरज नाही.

राजेश्वरी


तुंगार्ली,
२४ एप्रिल

ती. ताई,

जागा भरली नाही. तू सोडलीस, तूच भर.

पत्र कैलासनं दिलं तेव्हा मी टाकीवर चढलो होतो. इथं वानरं टाकीचं झाकण उघडून आत हात धुतात. मालक पुण्याहून फोन करून विचारतो, पाण्यात केस कसे. त्याला काय सांगू, वानराला टोपी घालू का? असो. तुझं पत्र टाकीवरच वाचलं आणि इतका राग आला की झाकण लावायचं राहिलं.

आधी सावडीचं. तीन वर्षं लावणी केलीस ती माझ्यावर उपकार म्हणून केलीस का? आपलंच शेत होतं. पण ठीक आहे. मला कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. शिकवतो, फिटलं म्हण, आणि मग ह्या विषयावर परत बोलू नकोस.

आता ऐक. मी पुस्तकातून शिकलेलो नाही. दहावीत ते तिसरं रूप मला कधी पाठ झालं नाही, सरांनी माझ्या पाठीवर तिन्ही रूपं काढली. हंपीला कडे चढणाऱ्यांच्या कॅम्पवर मी स्वयंपाकाला होतो. तिथं आमाया नावाची एक स्पेनची बाई दोन हिवाळे होती. ती सकाळी चुलीजवळ येऊन रोज एकच विचारायची, झोप झाली का, चहा झाला का, पीठ मळलं का. "झालंय का" म्हणजेच तुझा तो धडा.

आपण म्हणतो चहा केलाय. केला आहे. तिथं आपण 'आहे' लावतो, इंग्रज 'हॅव' लावतो, स्पॅनिश माणूस त्याचं एक लावतो, ते माणसागणिक बदलतं. मी: ए. तू: आस. तो किंवा ती: आ. आपण: एमोस. तुम्ही सगळे: आबेइस. ते: आन. लिहिताना सगळ्यांच्या पुढं एच असतो पण बोलताना तो खाऊन टाकतात. आपण नाही का, 'ह' बाजूला ठेवून आमी तुमी म्हणतो? गावात शहरातली माणसं आपल्याला त्यावरून हसतात. स्पेनमध्ये सगळा देश तसाच बोलतो, कुणी हसत नाही.

मग क्रियापद. शेवटी आर असेल तर तो काढून आदो लाव. त्राबाहार म्हणजे काम करणे, त्राबाहादो. शेवटी एर किंवा इर असेल तर इदो. कोमेर, कोमिदो. बिबिर, बिबिदो. ए त्राबाहादो, मी काम केलंय. आस कोमिदो, तू जेवलायस. आपल्याकडं केला, केली, केलं असं बदलतं, तसं ह्यात नाही. बाई असो, बाप्या असो, ओ तो ओ.

आणि एक. ह्या दोघांच्या मध्ये कुणाला घुसू द्यायचं नाही. इंग्रजीत तू हॅव नॉट इटन, हॅव ऑलरेडी इटन म्हणतेस, मधे शब्द चालतो. स्पॅनिशमध्ये जोडीचे बैल असतात तसे ते दोघं एका जुवाला. नो ए कोमिदो. या ए कोमिदो. 'नाही' आणि 'आधीच' जुवाच्या पुढं चालतात.

वाक्यं करून पाठव. तपासून देतो.

माऊली

ता.क. आईनं कैलासबरोबर डबा पाठवलाय. तिला कुणी सांगितलं मी इथं आहे म्हणून? तू?


परंदवडी,
२९ एप्रिल

माऊली,

मी सांगितलं नाही. मला कळायच्या आधीपासून तिला माहीत होतं. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून तू त्यात करवंदं भरून पाठवलीस. आईनं ती बघून कैलासला दोनदा चहा दिला. मी तिथंच बसले होते. मला त्या करवंदांचा इतका राग आला की मी एकही खाल्लं नाही. येता येत नाही, करवंदं पाठवता येतात.

वाक्यं:

१. आस बिस्तो आ मामा? (आईला भेटलायस?)
२. नो आस एस्क्रिबिदो नुंका. (तू कधीच लिहिलेलं नाहीस.)
३. यो ए प्लांतादो, तू नो आस प्लांतादो. (मी लावलंय, तू लावलेलं नाहीस.)
४. पापा आ मुएर्तो. (आण्णा गेलेत.)
५. तेंगो उन एर्मानो. (मला एक भाऊ आहे.)

पाचवं ह्या धड्यातलं नाही. पण इंग्रजीत आय हॅव अ ब्रदर म्हणताना तोच हॅव येतो आणि स्पॅनिशमध्ये पुस्तकात तेंगो दिलंय, ते का?

राजेश्वरी


तुंगार्ली,
४ मे

ताई,

तू वाक्यं लिहिली आहेस की दगड मारले आहेस? तपासणाऱ्याला असले दगड मारायचे नसतात. तपासतो.

पहिलं बरोबर.

दुसऱ्यात एस्क्रिबिदो चूक. ते आडदांड क्रियापद आहे, नियम पाळत नाही. एस्क्रितो. असे आणखी आहेत: करणे, एचो. म्हणणे, दिचो. मोडणे, रोतो. ठेवणे, पुएस्तो. परत येणे, बुएल्तो. इंग्रजीत गो, वेंट, गॉन तसे. हे पाठच करावे लागतात, माझ्यासारखे आहेत, समजावून सुधारत नाहीत.

तिसरं बरोबर.

चौथं चूक. आण्णांना जाऊन दोन वर्षं होत आली. वेळ संपली की हा काळ लागत नाही. इंग्रजीतही तसंच, यस्टरडे आला की हॅव जातो. तिथं साधा भूतकाळ: पापा मुरिओ. जे आज, ह्या आठवड्यात, ह्या वर्षी झालंय, ज्याची वेळ अजून चालू आहे, त्याला हे लाव. स्पेनची माणसं सकाळच्या चहालाही संध्याकाळी हेच लावतात, दिवस संपलेला नसतो ना. इंग्रज तिथं आय हॅड टी धिस मॉर्निंग म्हणेल.

पाचवं: स्पॅनिशमध्ये जवळ असण्याचं क्रियापद वेगळं आणि ही मदतनीस क्रिया वेगळी. इंग्रजीत एकच गडी दोन्ही कामं करतो. वाक्य म्हणून बरोबर आहे. खरं आहे का ते तू बघ.

आता माझं ऐकायचं. मी लावणीतून उठून गेलो हे तू तीन वर्षं धरून बसलीस. आणि आण्णांनी काय केलं? ओळीत प्रत्येकाची आपापली पात असते, माणूस उठला की शेजारचे दोघं सरकून त्याची पात भरून घेतात. मीही दुसऱ्यांच्या भरल्यात. माझी मात्र तशीच ठेवली. त्या वर्षी नवरात्रात मी आलो होतो. सोमाटण्याला उतरून चालत आलो, पिशवीत आईला हंपीहून आणलेलं पातळ होतं. वळणावरून आपलं खाचर दिसतं. सगळीकडं भात निसवलेलं आणि मधोमध, बांधापासून बांधापर्यंत, दात पडल्यासारखी माझी पात उघडी. नुसतं पाणी आणि गवत. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसावी अशी. म्हातारा गावाला दाखवत होता, बघा, माझं पोरगं हितनं पळालं.

मी तिथूनच मागं फिरलो. पातळ एका बाईला देऊन टाकलं, बसस्टँडवर झाडत होती. तिला हिरवा रंग छान दिसला.

माऊली


परंदवडी,
९ मे

माऊली,

तू आला होतास.

हे मला तीन वर्षांनी एका कागदावर कळतंय, एस्क्रितो आणि एचोच्या खाली. तू वळणापर्यंत आलास आणि गवत बघून परत गेलास. त्या वेळी आण्णा घरात होते, खोकला सुरू झाला होता. ते नवरात्र, पुढची होळी, आणि मग तू आलास ते एकदम दहाव्याला, पाहुण्यासारखा जेवलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. त्या पातीबद्दल आण्णा आमच्याशीही एक शब्द बोलले नाहीत. मी ती भरायला गेले तर त्यांनी माझ्या हातातली रोपाची मूठ काढून घेतली. मलाही ते आवडलं नव्हतं. पण मी त्यावरून घर सोडलं नाही.

आणि चौथं वाक्य तू कसं खोडलंस रे? मुरिओ लिही म्हणे. आपल्याकडं अजून 'आण्णा गेलेत' असंच म्हणतात. मुलाखतीत मी तुझं म्हणेन, घरात माझं.

पुढचं शिकव. मी इथं चार वर्षं काम करतेय, हे कसं म्हणायचं? आय हॅव वर्क्ड हियर फॉर फोर इयर्स, तसंच ए त्राबाहादो ना?

राजेश्वरी


तुंगार्ली,
१६ मे

ताई,

धडा मिळणार नाही.

आज कैलास दुधाचं कॅन उतरवता उतरवता सहज म्हणाला, राजेश्वरीताई निवडली गेली की एक जुलैला उडणार. मी म्हटलं, एक जुलै? तो म्हणाला, व्हय की, तुला ठाव न्हाई? म्हणजे गावातल्या दुधाच्या म्हशींनाही माहीत आहे, मला नाही.

एक जुलैला तू विमानात. पाच तारखेपासून गावात लावणी. आईचे गुडघे वाकत नाहीत. पाच घरांची माणसं आपल्या खाचरात उतरणार, आणि त्या पाच घरांत आपल्याकडून एक माणूस जायला हवा. तो कोण? म्हणून 'पत्रातून शिकव, घरी यायची गरज नाही'. वा. मी तुला ए आस आ शिकवायचं, तू पास व्हायचं, आणि माझ्या गळ्यात ते जू आपोआप. मलाच दोरी वळायला लावलीस, मलाच बांधायला.

मजूर लाव. यंत्रानं लावतात हल्ली. सावड मोडली तर मोडली, आभाळ कोसळणार नाही. मी पावसाळ्यात भंडारदऱ्याला जाणार आहे, काजव्यांच्या कॅम्पवर काम बोललोय, तिथून पुढं बघू. पाऊस धरला की काजवे संपतात म्हणा. तरी जाणार आहे.

माऊली


परंदवडी,
१८ मे

माऊली,

हो, लपवलं. सांगितलं असतं तर तू पहिल्या पत्रालाच भंडारदऱ्याला गेला असतास. तुला ओळखते म्हणून लपवलं.

मजूर लाव म्हणतोस. सावडीत माणसाला माणूस लागतो, घरचा. ज्यानं तुमच्या चिखलात दिवस घातला त्याच्या चिखलात तुम्ही दिवस घालायचा. पैसे देऊन आणलेला गडी त्याला चालत नाही, तो अपमान धरतो. हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी खालच्या आळीतल्या गेणूनं दोन गडी पाठवले. ह्या वर्षी त्याला कुणी विचारायला गेलेलं नाही. आण्णांच्या दहाव्याला लाकडं फोडायला, पाणी भरायला जी माणसं होती ती हीच पाच घरं होती. तू जेवत होतास तेव्हा वाढत होती ती.

माझ्या चार वर्षांच्या वाक्याचं उत्तर दिलं नाहीस.

राजेश्वरी


परंदवडी,
३ जून

माऊली,

तुझं पत्र नाही. कैलास म्हणतो, बंगल्यावर आहे, बोलत नाही. म्हणजे भंडारदरासुद्धा झालं नाही.

काल हौशीराम आबा सावडीचं विचारायला आले होते. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आईला म्हणाले, "शालूबाई, औंदा तुमच्याकडनं कोन हुबं ऱ्हानार? पोरगी तर चालली म्हनं." आई म्हणाली, "मी ऱ्हाईन." आबा तिच्या गुडघ्यांकडं बघत राहिले आणि उठले. मला ते बघवलं नाही.

मी ठरवलंय. सोमवारी साहेबांना सांगते, यादीतून माझं नाव काढा. उरलेल्या चौघांपैकी कुणीही जाईल. तू मोकळा आहेस. आता शिकवू नकोस, वाक्यं तपासू नकोस, करवंदंही पाठवू नकोस.

राजेश्वरी


तुंगार्ली,
४ जून

ताई,

कैलासला थांबवून घाईनं लिहितोय, तो हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

नाव काढलंस तर बघ. तू काय समजतेस, मला कळत नाही? आत्ता नाव काढशील आणि मग जन्मभर घरात ऐकू येत राहील, राजी स्पेनला जायची होती, माऊलीमुळं राहिली. माझ्या लग्नात, तुझ्या पोरांच्या बारशाला, आई गेल्यावर सुद्धा. तू बोलणार नाहीस, तू नुसती बघशील. ते मला झेपणार नाही. लावणी परवडली.

पाच जुलैला मी परंदवडीत असेन. तुझ्यासाठी येत नाहीये. आईसाठी पण नाही, तिला सांग. मला कुणाचं ओझं घेऊन फिरायचं नाही म्हणून येतोय. लावणी संपली की निघणार, एक दिवस जास्त थांबणार नाही. आणि मी वाईट लावतो हे सगळ्यांना माहीत आहे, तक्रार चालणार नाही.

धडा. तुझं चार वर्षांचं वाक्य चूक. इंग्रज आय हॅव वर्क्ड हियर फॉर फोर इयर्स म्हणतो, तेव्हा अजून काम चालू असतं. स्पॅनिश माणूस चालू गोष्टीला चालूच काळ लावतो, अगदी आपल्यासारखा. आपण 'चार वर्षं करतेय' म्हणतो ना, तसं: त्राबाहो आकी देस्दे आसे क्वात्रो आन्योस. तिथं ए त्राबाहादो म्हणशील तर बाईला वाटेल तू काम सोडून आलीस. बाकी, ह्या कामात मी अमुक मशीन चालवलंय, अमुक दोष पकडलाय, ते सगळं ए, ए, ए. घाबरलीस की तू फार भरभर बोलतेस. आमाया म्हणायची, आधी ए म्हण, श्वास घे, मग बाकीचं आपोआप येतं. पण श्वास घेताना मधे काही घुसवू नकोस.

आणि जे केलेलं नाही ते लपवू नकोस. विचारलं की सरळ म्हण, तोदाबिया नो, अजून नाही. नुसतं नो म्हटलं तर दार बंद होतं.

कैलास शिव्या देतोय. दूध नासेल म्हणे. ठेवतो.

माऊली


परंदवडी,
२० जून

माऊली,

माझं आणि पेंटशॉपची क्वालिटी बघणाऱ्या सुहासचं नाव लागलं. बाई बुटकी होती, पुरुषासारखे केस, खूप हसत होती. इंग्रजीत मी एक चूक केली, तिच्या ती लक्षातही आली नाही. स्पॅनिशमध्ये विचारलं, ह्या वर्षी तुम्ही काय काय केलंय? मी ए म्हटलं आणि श्वास घेतला. मग बोलतच राहिले. शेवटी तिनं विचारलं, परदेशात कधी गेलायत? तोदाबिया नो म्हटलं. तिनं ते लिहून घेतलं.

आनंद झालाय, पण तुझा राग गेलेला नाही. दोन्ही एकदम असतं, मला माहीत नव्हतं. आईला तुझा निरोप जसा होता तसा सांगितला, "तुझ्यासाठी येत नाहीये म्हणाला." ती म्हणाली, "कुनासाठी का यीना." आणि माळ्यावरून आण्णांचं इरलं काढून झाडत बसली. आता इरलं कुणी घालत नाही, सगळे प्लास्टिकचा कागद घेतात. तिला कोण सांगणार?

पाच घरं तुला माहीत आहेत. हौशीराम आबांचं पहिलं. आबांच्या खाचरात उशिरा जाऊ नकोस. आपलं शेवटी.

मी नसेन. तू आलास की नाही ते मला दुसऱ्यांकडून कळेल, नेहमीसारखं. त्यापेक्षा तुझा नंबर उघडून ठेवलाय. फोन नको. लिही आणि फोटो काढून पाठव.

राजेश्वरी


परंदवडी,
१४ जुलै

ती. ताई,

बांधावर बसून लिहितोय. दुपारची भाकरी झालीय. कागद ओला आहे, फोटोत अक्षर फुटलं तर तुझं नशीब.

आधी भांडण. तुझ्या घराची सावड म्हणजे पाच घरं नाहीत, सहा आहेत. गेणूच्या घरीही तू जाताना शब्द देऊन गेलीस म्हणे, 'बिचाऱ्याला कुणी विचारत नाही' म्हणून. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तो सकाळी दारात येऊन उभा. तुझी दयाबुद्धी आणि माझी कंबर. हे मी विसरणार नाही.

माझी कंबर आता माझ्या ताब्यात नाही. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. आई रोज तेल-हळद लावते आणि मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही, पाय तेवढा पुढं करतो. इरलं घालावं लागलं. सगळे कागद पांघरून, मी एकटा पाठीवर होडी उपडी घातल्यासारखा. गावातली पोरं फोटो काढतात. खरं सांगू, इरल्यात पाठ कोरडी राहते. त्यांना सांगितलं नाही.

सगळे मला स्पेन म्हणतात. तू गेलीस, नाव मला पडलं. आबांच्या खाचरात पहिल्याच दिवशी माझी ओळ वाकडी गेली तर आबा म्हणाले, "ए स्पेन, हा कडा न्हवं चढायचा. मागं सर, मागं. लावनीत मानूस उलटा चालतो, एवडं तरी ध्यानात ऱ्हायलंय का न्हाई?"

आज आपल्या खाचरात उतरलो. ओळ लागली, पाती ठरल्या, आणि आबांनी मला बरोबर मधे उभं केलं. त्याच जागेवर. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आबा, मुद्दाम करताय व्हय? तीन वर्षं झाली, अजून गावाला तमाशा दावायचाय?"

आबा वाकलेलेच होते, मान वर न करता म्हणाले, "तमाशा कसला?"

म्हटलं, "आण्णांनी ही पात उघडी ठेवली ती. मी पळालो म्हनून."

आबा उठून उभे राहिले. हातातली मूठ तशीच. म्हणाले, "आरं येड्या, तुझा बा म्हनला, ही कुनी लावू नका. पोरगं रागानं गेलंय, उद्या यील न्हाईतर परवा यील. आल्यावर त्याला त्याची जागा गावाया नको का? रोप पन राखून ठिवलं व्हतं तुझ्या वाटचं, त्या पल्याडच्या बांधाला. रोज सांजचं यिऊन त्याच्यावर पानी शिपडायचा. पार पिवळं पडस्तवर." मग पुन्हा वाकले आणि म्हणाले, "न्हाई आला तू. गवात वाढलं."

ताई, हे आबांना माहीत होतं आणि त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. तुला नाही, आईला नाही, मला नाही. विचारलं का, तर म्हणतात, "कुनी इचारलं?" म्हाताऱ्यांचा मला इतका राग येतो. आण्णांना तरी तोंड नव्हतं का? एक फोन. तेव्हा माझा नंबर चालू होता.

मी वळणावरून बघितलं ते नवरात्रात. रोप तोवर कधीच वाळून गेलं असणार. जवळ आलो असतो तरी दिसलं नसतं. हेच सारखं डोक्यात येतंय आणि हेच सारखं मी बाहेर ढकलतोय.

ओळ मागं सरत राहिली. शेजारच्या सारिकावहिनीचा हात एकदा माझ्या पातीत आला, दोन काड्या लावल्या, तर मी ओरडलो, माझी आहे ती. वहिनी घाबरली. पोरं हसली. आबा हसले नाहीत.

तुझा मेसेज सकाळी आला होता. आस तेर्मिनादो तू पार्ते? (तुझा वाटा संपवलायस?) व्याकरण बरोबर आहे, तिकडं जाऊन सुधारलीस. आणि ती पहिल्या वेळची वाक्यंही तू परत पाठवलीस, जणू मी विसरलो असेन. आईला भेटलायस? घेतलंय ना तेल लावून, मग भेटलोच की. सी, ए बिस्तो आ मामा. लिहून दिलं, ठेव फाईलला. चौथं, आण्णांचं, मात्र तुझं राहू दे. त्या वेळी मी ते पुस्तकातल्यासारखं तपासलं, आज तपासणार नाही.

संपली का माझी पात? तोदाबिया नो. अर्धी झालीय. पलीकडच्या बांधापर्यंत जायचं आहे, आणि त्या बांधाकडं, जिथं रोप ठेवलं होतं म्हणतात, तिथं मी अजून नीट बघितलेलं नाही. उलटं चालतोय, त्यामुळं पाठ तिकडं आहे. पोचलो की आपोआप कळेल.

तू आल्यावर मी इथं असेन का, हे विचारू नकोस. मला अजून माहीत नाही आणि खोटं लिहिणार नाही. भाताला पहिली बेणणी लागते, गवत काढायची, तेवढी मी बघणार आहे, कारण मधल्या ओळी वाकड्या आहेत आणि त्या कुणाच्या आहेत ते सगळ्या गावाला दिसणार आहे.

आबा हाका मारतायत. "ए स्पेन, ठिव तो कागुद आन् वाक."

वाकतो.

माऊली